साठ्याची ऊर्जा, प्रवाहाची ऊर्जा



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी शाळेतलाच एक धडा निवडला आहे. ऊर्जेच्या स्रोतांचा तो तक्ता तुम्हा सर्वांना पाठ असेल. एका रकान्यात कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, युरेनियम. दुसऱ्या रकान्यात ऊन, वारा, वाहते पाणी, लाकूड, शेण, उसाचे चिपाड. पहिले अनूतनीकरणक्षम, दुसरे नूतनीकरणक्षम. परीक्षेत दोन गुणांसाठी एवढे लिहिले की काम भागते.

हा तक्ता खरा आहे, पण अपुरा आहे. कोणते इंधन कोणत्या रकान्यात बसते, हे दोन वेगांवरून ठरते. निसर्ग ते किती वेगाने घडवतो आणि आपण ते किती वेगाने खर्च करतो. या दोन वेगांचा मेळ बसला तर इंधन टिकते, फारकत झाली तर संपते. आज हा हिशेब मी आपल्या महाराष्ट्रातल्याच जागा घेऊन मांडणार आहे, कारण दोन्ही रकान्यांतले जवळजवळ सगळे काही आपल्याकडे आहे.

सुरुवात चंद्रपूरपासून करू. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका हे सारे गोंडवन नावाच्या एकाच महाखंडाचे भाग होते. दलदलीत वाढलेली झाडे पाण्यात पडली. तिथे प्राणवायू पुरेसा नसल्याने ती पूर्ण कुजली नाहीत, आणि वर गाळाचे थर चढत गेले. दाब आणि उष्णतेने त्यांतले पाणी व वायू निघून गेले, कार्बन उरला. ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे गोंडवनातल्या खडकांत आजही सापडतात. पानाची मधली शीर आणि तिच्यापासून निघालेली शिरांची जाळी नुसत्या डोळ्यांना दिसते. त्या पानावर पडलेले ऊन आपण आज जाळतो आहोत. कोळशाचा एक मीटर जाडीचा थर म्हणजे हजारो वर्षांचा पालापाचोळा.

हा झाला घडण्याचा वेग. आता खर्चाचा पाहू. आपल्याकडच्या कोळशापासून विजेचे एक युनिट तयार करायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर तासाला सुमारे दोन हजार टन कोळसा भट्टीत जातो. कोळशाची एक पूर्ण मालगाडी जेमतेम दोन तास पुरते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा तीस ते चाळीस टक्के असते, म्हणजे त्या गाडीतला तिसऱ्या हिश्श्याइतका माल राख होऊन मागे राहतो. ती कुठे टाकायची हा चंद्रपूरकरांचा रोजचा प्रश्न आहे. हजारो वर्षांत जे साचले ते तासांत उडते. याच जिल्ह्यातली वरोऱ्याची खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. साठ्याला तळ असतो, हे विदर्भाने फार लवकर पाहिले आहे.

मग माणूस या इंधनांच्या मागे का लागला? ते समजून घेतल्याशिवाय त्यांना नावे ठेवणे अन्यायाचे होईल. एक लिटर डिझेल जळले की सुमारे दहा युनिट उष्णता मिळते. धडधाकट माणसाने दिवसभर अंगमेहनत केली, तर त्याच्या स्नायूंकडून मिळणारे काम अर्ध्या युनिटच्या आसपास भरते. पाण्याचेही गणित करून पाहू. खोपोलीला सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येते. एक हजार लिटर पाणी एवढे खाली उतरले की त्यात 49 लाख ज्यूल, म्हणजे साधारण सव्वा ते दीड युनिट ऊर्जा असते. याचा अर्थ एक लिटर डिझेलच्या बरोबरीला सात हजार लिटर पाणी घाटमाथ्यावरून उतरवावे लागते. लहानशा बाटलीत मावणारी, केव्हाही पेटवता येणारी, कुठेही नेता येणारी एवढी ऊर्जा माणसाला यापूर्वी कधीच मिळाली नव्हती. पाण्याचे इंजिन, ट्रॅक्टर, एसटी, रुग्णवाहिका, सगळे तिच्यावर उभे राहिले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीच्या पाठीवरचे ओझे या इंधनांनी उतरवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

तेलाची आपली गोष्टही फार जुनी नाही. फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल शोधले आणि 1976 मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते शिखरावर पोहोचले आणि पुढे उतरले. पहिल्या काही वर्षांत तेल खडकातल्या स्वतःच्या दाबाने वर येते. मग दाब घटतो, पाणी आत सोडून तेल ढकलावे लागते, आणि वर येणाऱ्या द्रवात तेलापेक्षा पाण्याचाच वाटा वाढत जातो. म्हणजे साठा एका दिवसात संपत नाही. तो काढणे आधी अवघड होते, मग महाग होते, आणि शेवटी काढण्यातच इतकी ऊर्जा खर्च होते की हाती फारसे उरत नाही. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो.

पहिल्या रकान्यातले युरेनियम उरले. तारापूरची अणुभट्टी 1969 मध्ये सुरू झाली. एक ग्रॅम युरेनियम-235चे संपूर्ण विखंडन झाले, तर अडीच-तीन टन उत्तम कोळशाइतकी उष्णता मिळते. त्यात धूर नाही, कार्बन डायऑक्साइड नाही. पण युरेनियम हाही साठाच आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये 235 हा प्रकार एक टक्क्याहूनही कमी असतो, आणि उरलेला किरणोत्सारी कचरा पुढच्या अनेक पिढ्यांना सांभाळावा लागतो.

आता प्रवाहाकडे वळू. पृथ्वीवर तासाभरात जितकी सूर्याची ऊर्जा येऊन पोहोचते, तितकी सगळी मानवजात मिळून वर्षभरात वापरते. प्रवाह अफाट आहे, पण पसरलेला आहे. तो गोळा करायला जागा आणि मोजमाप लागते. हे मोजमाप आपल्या देशात ज्यांनी पायापासून उभे केले, त्या अ‍ॅना मणी पुण्यातच काम करत होत्या. केरळात जन्मलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाई 1948 मध्ये हवामान खात्यात आल्या. परदेशी उपकरणांवर अवलंबून न राहता त्यांनी उपकरणे इथे बनवून घेतली, एकेक उपकरण तपासून प्रमाणित केले आणि देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे विणले. भारतातल्या सौर प्रारणाच्या आकडेवारीचा त्यांचा ग्रंथ 1980 मध्ये निघाला. वाऱ्याच्या ऊर्जेची देशव्यापी मोजणीही त्यांनी पुढे केली. आज कोणी बँकेत सौर प्रकल्पाचे कर्ज मागायला जातो, तेव्हा त्या गावात ऊन किती पडते हे सांगणाऱ्या परंपरेचा पाया या बाईंनी घातलेला आहे. फुकट मिळणारे ऊन कामाला लावायचे तर कोणीतरी वर्षानुवर्षे नोंदी कराव्या लागतात.

त्या नोंदींवरून एक सोपे गणित करता येते. महाराष्ट्रात एक चौरस मीटर जागेवर वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला पाच युनिटच्या आसपास सौर ऊर्जा पडते. आजची पॅनेल तिचा सुमारे पाचवा भाग विजेत बदलतात. म्हणजे दारातल्या सतरंजीपेक्षाही लहान अशा एक चौरस मीटरच्या पॅनेलमधून रोज जवळपास एक युनिट. पंचवीस वर्षांत तेवढा तुकडा पाच-सहा टन कोळसा वाचवतो. सिलिकॉनवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि एका दिशेने वाहू लागतात. यात काही फिरत नाही, काही जळत नाही. धूळ मात्र बसते, आणि ती पुसली नाही तर वीज घटते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प 2013 मध्ये उभा राहिला. पावसाची कमी आणि उन्हाची जास्ती, या त्या भागाच्या दुखण्याचा तिथे उपयोग करून घेतला आहे.

वाऱ्याचा नियम याहून वेगळा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याची शक्ती आठपट होते. म्हणून पवनचक्क्या साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या, वनकुसवड्याच्या उघड्या पठारांवर उभ्या राहिल्या. तिथला वारा जून ते ऑगस्टमध्ये जोरात असतो, म्हणजे आभाळ भरून सौर वीज घटते नेमक्या त्याच दिवसांत. ऊन आणि वारा एकमेकांची तूट भरून काढतात, हे सह्याद्रीचे मोठे देणे आहे.

मात्र दुसऱ्या रकान्यात बसले म्हणजे इंधन निर्दोष झाले, असे मानू नका. लाकूड घ्या. झाड पुन्हा वाढते, म्हणून सरपण नूतनीकरणक्षम. पण रानात दरवर्षी जितके वाढते त्याहून जास्त तोडले, तर तेच लाकूड कोळशासारखे संपते. त्याचा धूर कुणाच्या छातीत जातो, हे तक्त्यात कुठेच लिहिलेले नसते. आपल्या आयांनी फुंकणीने चूल फुंकत, डोळे चोळत स्वयंपाक केला. 2016 पासून उज्ज्वला योजनेतून गावोगावी गॅसची जोडणी पोहोचली. तो सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन नूतनीकरणक्षम नाही, आणि त्यातला निम्म्याहून अधिक परदेशातून येतो. तरी स्वयंपाकघरातल्या बाईच्या फुप्फुसांसाठी तो सरपणापेक्षा कितीतरी चांगला. इथे तक्ता आणि माणसाचे हित उलट्या दिशांना जातात. दोन्ही साधणारा मार्गही आपल्याकडे आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर आणि वाया गेलेल्या पिठावर चालणारे लहान बायोगॅस संयंत्र घडवले. उरलेल्या अन्नातला स्टार्च आणि साखर जिवाणू चटकन पचवतात, म्हणून शेणाच्या मानाने ते फार थोडे लागते.

उसापासूनच्या इथेनॉलचेही असेच बारकाईने पाहावे लागते. ऊस दरवर्षी येतो, चिपाडावर कारखान्याचा बॉयलर चालतो, मळीतून आणि रसातून इथेनॉल मिळते. हे सगळे उत्तम. पण एक लिटर इथेनॉलमध्ये ऊर्जा असते पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. ज्या उसातून ते आले त्याला विहिरीचे, बोअरचे पाणी पाजलेले असते. त्याला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून होतो. अलिबागजवळच्या थळचा मोठा खत कारखाना त्याच वायूवर चालतो. म्हणजे नूतनीकरणक्षम इंधनाच्या थेंबात साठ्याच्या इंधनाचा अंश मिसळलेला आहे. भूजलाची पातळी दरवर्षी खाली जात असेल, तर पाणीही तिथे साठ्यासारखेच उपसले जात आहे. हा हिशेब उसाच्या विरोधात मांडलेला नाही. इथेनॉल कोणत्या शिवारात परवडते आणि कुठे नाही, हे ठरवायला तो लागतो.

वाहत्या पाण्याची तर फार मोठी किंमत मोजलेली आहे, आणि ती ज्यांनी मोजली ते बहुतेक वेळा वीज वापरणारे नव्हते. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झाले, पाठोपाठ भिवपुरी आणि भिरा. मुंबईच्या कापड गिरण्या या विजेवर चालल्या आणि शहरातला कोळशाचा धूर कमी झाला. त्यासाठी मुळशी खोऱ्यातली गावे आणि भातशेती पाण्याखाली गेली. 1921 मध्ये मावळे सत्याग्रहाला बसले, सेनापती बापटांनी त्यांचे नेतृत्व केले आणि तुरुंगवास भोगला. धरण झालेच. पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी या प्रकल्पांनी घाट उतरवून कोकणाकडे वळवले. दुष्काळ पडला की ते पाणी आपल्याला हवे, ही मागणी पूर्वेकडचे तालुके आजही करतात.

कोयनेचेही तसेच. 1960 मेगावॅटचा हा प्रकल्प महाराष्ट्राच्या उद्योगांचा कणा ठरला. शिवसागर या कोयनेच्या जलाशयाला पाण्याखालून भोक पाडून पाणी घेण्याचे अवघड काम आपल्या अभियंत्यांनी 1999 मध्ये यशस्वी केले. पण कोयनेच्या विस्थापितांच्या मागण्या दोन-तीन पिढ्यांनंतरही पूर्ण झालेल्या नाहीत. शिवाय पावसाने ओढ दिली की शेतीसाठी पाणी राखायचे की विजेसाठी सोडायचे, हा प्रश्न दर वेळी नव्याने उभा राहतो. सौर प्रकल्पांसाठी जमिनी घेतानाही हा इतिहास डोळ्यांसमोर हवा. ज्याची जमीन, त्याला भाड्याचा किंवा भागीदारीचा रास्त हक्क मिळाला पाहिजे. गायरानावर पॅनेल बसवायची तर आधी तिथे चरणाऱ्या गुरांचा आणि धनगराच्या मेंढ्यांचा विचार झाला पाहिजे.

प्रवाहाची दुसरी अडचण घड्याळाची आहे. ऊन दुपारी असते, घराघरांत दिवे, पंखे आणि टीव्ही लागतात संध्याकाळनंतर. काही गरजा मात्र दिवसाच भागवता येतात, आणि त्यात शेतीचा पंप सर्वांत महत्त्वाचा. आपल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीची लाईट मिळाली. पौष-माघाच्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, विंचू-सापाच्या भीतीत त्याने दारे धरली. 2017 मध्ये सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचा अर्थ एवढाच आहे की उन्हाची वीज उन्हाच्याच वेळी शेताला द्यायची. जिथे गरजेची वेळ आणि प्रवाहाची वेळ जुळवता येते, तिथे साठवणीचा खर्चच वाचतो.

उरलेल्या गरजांसाठी साठवण लागते. बॅटरी हा एक मार्ग. दुसरा मार्ग सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला पाहायला मिळतो. वर अकोले तालुक्यात एक जलाशय, खाली शहापूरच्या बाजूला चोंढे येथे दुसरा. वीज जास्तीची असते तेव्हा यंत्रे खालचे पाणी वर चढवतात. वीज हवी असते तेव्हा तेच पाणी खाली सोडतात, आणि तीच यंत्रे उलट फिरून 250 मेगावॅटपर्यंत वीज देतात. चढवायला लागलेल्या विजेपैकी साधारण तीन-चतुर्थांश परत मिळते. हायड्रोजनची आज खूप चर्चा आहे, म्हणून सांगतो: हायड्रोजन, बॅटरी किंवा वर चढवलेले पाणी, यांपैकी एकही ऊर्जेचा मूळ स्रोत नाही. ती सगळी वाहने आहेत. त्यांत काय भरले, यावर त्यांची स्वच्छता अवलंबून.

साठा जाळण्याची एक किंमत अजून सांगायची राहिली, आणि ती साठा संपण्याच्या कितीतरी आधी वसूल होते आहे. एक किलो कार्बन जळला की पावणेचार किलोच्या जवळपास कार्बन डायऑक्साइड होतो, कारण हवेतला प्राणवायू त्याला जोडला जातो. कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये या वायूचे सुमारे 280 रेणू होते, आज 420हून अधिक आहेत. हा वायू उष्णता अडवतो, हे 1850च्या दशकात अमेरिकेत युनिस फूट आणि इंग्लंडमध्ये जॉन टिंडल यांनी प्रयोगाने दाखवले होते. म्हणजे हे ज्ञान आपल्यापाशी दीडशे वर्षांहून अधिक काळ आहे.

मग उरलेल्या कोळशाचे आणि तेलाचे करायचे काय? आपल्या शेतकऱ्याने याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. कितीही वाईट साल असो, कणगीतले बियाण्याचे धान्य तो खात नाही. ते पेरायचे असते. सौर पॅनेलचा सिलिकॉन वितळवायला चौदाशे अंशांहून अधिक तापमान लागते. पवनचक्कीच्या मनोऱ्याचे पोलाद भट्टीत कोळशाने घडते, पायाचे सिमेंटही. ही ऊर्जा आज मुख्यतः साठ्यातूनच येते. पॅनेल घडवायला जेवढी ऊर्जा लागली तेवढी ते उन्हात साधारण एक-दोन वर्षांत परत देते, आणि त्यापुढे वीसहून अधिक वर्षे नवी ऊर्जा देत राहते. म्हणून उरलेला साठा हे आपले बियाणे आहे. तो प्रवाहाची यंत्रे, चांगले वीजजाळे, रेल्वे आणि रुग्णालये उभी करण्यात घातला, तर तो पेरला गेला. रिकाम्या खोलीतल्या एसीत आणि चौकातल्या वाहतूक कोंडीत जाळला, तर तो खाल्ला गेला. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीत येते, आणि ते मी पूर्ण गांभीर्याने मांडतो आहे.

शेवटी इथे बसलेल्या शिक्षकांना एक विनंती. ऊर्जेचा धडा शिकवताना मुलांना घरच्या विजेचा मीटर महिनाभर रोज वाचायला सांगा. आजच्या आकड्यातून कालचा आकडा वजा करू द्या. आलेल्या युनिटना सहाशे-सातशे ग्रॅमने गुणून घरात रोज किती कोळसा जळला ते काढू द्या, आणि तेवढ्यासाठी छपरावर किती चौरस मीटर पॅनेल पुरेल तेही. मग त्यांना वर्गात विचारा: हे इंधन घडायला किती काळ लागतो, ते कोणत्या वेळी मिळते, आणि त्याची किंमत कोण मोजतो? येत्या वीस-तीस वर्षांत धरण, खाण, सौर प्रकल्प, अणुभट्टी यांवरचे निर्णय ग्रामसभेपासून संसदेपर्यंत होणार आहेत, आणि ते आज शाळेत बसलेली मुलेच घेणार आहेत. प्रकल्प विकायला येणाऱ्याचे आकडे त्यांना तपासता यावेत, आणि ज्यांची जमीन जाते त्यांना आपला वाटा आकड्यांनिशी मागता यावा. विज्ञान शिकवण्याचे याहून मोठे कारण मला माहीत नाही.